लोखंडाचा हलवा

नरकचतुर्दशीच्या पहाटे पुष्कळ घरांत एक लहानसा खोळंबा ठरलेला असतो. पाट मांडून झालेला असतो, पाटाभोवती रांगोळी निघालेली असते, उटणे कालवून तयार असते, आणि खोबरेलाची बाटली उपडी धरली तरी थेंब म्हणून बाहेर पडत नाही. रात्रीच्या गारठ्याने तेल थिजलेले असते. मग ती बाटली ऊन पाण्याच्या तपेलीत उभी करायची, आणि तेल सुटेपर्यंत अंगावर पंचा गुंडाळून कुडकुडत बसायचे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते, त्यामुळे हे सुख मुंबईकरांना क्वचित, पण पुण्या-नाशिककडच्यांना दरसालचे.

आता असे एक तेल कल्पनेत आणा की, ज्याला थिजायला थंडी लागत नाही आणि सुटायला ऊनही लागत नाही. जवळ चुंबक आणला की ते घट्ट होते, चुंबक दूर नेला की पुन्हा पहिल्यासारखे वाहू लागते. हे सगळे सेकंदाच्या काही हजारांश भागांत. पापणी लवून उघडते तेवढ्यात हे तेल अनेकदा थिजून अनेकदा सुटलेले असेल. असे तेल गेली पंचाहत्तराहून अधिक वर्षे अस्तित्वात आहे. त्याला मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल फ्लुइड असे नाव आहे. नऊ अक्षरांच्या विशेषणाने वाचकांनी दडपून जाऊ नये. ग्रीक भाषेत ‘ऱ्हिओ’ म्हणजे वाहणे. चुंबकामुळे ज्याच्या वाहण्यात फरक पडतो ते द्रव्य, एवढाच त्याचा अर्थ. या लेखापुरते आपण त्याला ‘थिजते तेल’ म्हणू. परिभाषा कोशात हा शब्द बसायचा नाही, पण स्वयंपाकघरात तो समजेल, आणि आजच्या विषयाचा पुष्कळसा भाग स्वयंपाकघरातच उलगडण्यासारखा आहे.

या तेलाचा जनक जेकब रॅबिनाउ. १९१० साली युक्रेनमधल्या खारकोव्ह शहरात जन्मलेला हा मुलगा सायबेरिया आणि चीन अशी वाट तुडवीत १९२१ साली आईबरोबर न्यूयॉर्कला पोचला. पुढे अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत तो नोकरीला लागला. टपालातली पत्रे आपोआप निवडणारे यंत्र, छापील अक्षरे वाचणारे यंत्र, असल्या उचापती करीत त्याने आयुष्यात २३० पेटंटे मिळविली. १९४८ साली त्याने एक अजब क्लच लोकांपुढे मांडला. दोन लोखंडी तबकड्या, आणि त्यांच्या मधल्या फटीत लोखंडाची बारीक पूड घातलेले तेल. विजेचे वेटोळे चालू केले की फटीतले तेल घट्ट होऊन दोन्ही तबकड्या एकत्र फिरू लागत; वीज बंद केली की तबकड्या सुट्या.

त्याची कृती अगदी पाकशास्त्राच्या पुस्तकात शोभेल अशी होती. वजनाने नऊ भाग लोखंडाची पूड आणि एक भाग तेल. तेल सिलिकोनचे, खनिज किंवा साधे रॉकेलही चालेल. नवास एक हे प्रमाण ऐकून हे तेल आहे की चटणी, असे वाटेल. परंतु लोखंड तेलाच्या आठ-नऊ पट जड असल्यामुळे मापाने पाहिले तर ते जवळजवळ निम्मेनिम्मे होते. आणि मग कृतीच्या शेवटी एक बारीकशी सूचना: हवे तर थोडे ग्रीस घालावे.

हे ग्रीस कशासाठी? पूड खाली बसू नये म्हणून. म्हणजे आज ज्या दुखण्यावर जगभर शास्त्रज्ञ औषध शोधीत आहेत, ते दुखणे या बाळाला बारशाच्या दिवसापासूनच होते.

आधी ते थिजते कसे, ते पाहू. तेलातला लोखंडाचा प्रत्येक कण चुंबकाच्या क्षेत्रात सापडला की स्वतःच एक चिमुकला चुंबक होतो. एकाचे उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिण टोकाला चिकटते, त्याला तिसरा, त्याला चौथा, आणि पाहता पाहता फटीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कणांच्या माळा उभ्या राहतात. तेलाला सरकायचे असेल तर या असंख्य माळा तोडीतच सरकावे लागते. चांगल्या तेलात त्यासाठी चौरस सेंटिमीटरला अर्ध्या ते एका किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. लोखंड शुद्ध आणि मऊ असेल तर चुंबकत्व त्याच्यात टिकत नाही. क्षेत्र गेले की माळा विसकटतात. विजेचा प्रवाह कमी-जास्त करून हा घट्टपणा हवा तेवढाच ठेवता येतो, ही यातली खरी किंमतीची गोष्ट.

यासाठी जी पूड वापरतात तिचे नाव कार्बोनिल लोह. हे नाव आपल्या परिचयाचे असण्याचा पुष्कळ संभव आहे. घरात कोणाला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून पाहा. कित्येकदा तेथे ‘कार्बोनिल आयर्न’ छापलेले सापडते. लोखंड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या संयोगाने एक पातळ द्रव होतो. त्याची वाफ तापविली की वायू निघून जातो आणि लोखंड अगदी गोल, मोत्यासारख्या कणांच्या रूपाने खाली पडते. जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने १९२५ साली ही पूड करायला घेतली. कण एक ते दहा मायक्रॉनचे. पाच मायक्रॉनचा कण घेतला, तर आपल्या केसाच्या जाडीत असे बारा-पंधरा कण शेजारी शेजारी बसतील.

रॅबिनाउच्या क्लचचा गाजावाजा लवकरच ओसरला. पुढची तीस-चाळीस वर्षे या तेलाकडे फारसे कोणी फिरकले नाही. १९९० नंतर मात्र त्याचे नशीब उघडले. मालमोटारींच्या ड्रायव्हरच्या बैठकीखाली ते आले. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल मोटारीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये आले, पुढे फेरारीत आले. आइसलँडमधल्या एका कंपनीच्या कृत्रिम गुडघ्यात आले. त्या गुडघ्यात पातळ पात्यांच्या मध्ये या तेलाचे थर असतात, आणि पाऊल टेकताना गुडघा किती ताठ राहावा, उचलताना किती सैल व्हावा, हे चालता चालता ठरत जाते. चीनमध्ये दोंगतिंग सरोवरावरच्या पुलाच्या १५६ तारा पाऊस-वाऱ्यात थरथरत. २००२ साली त्यांना प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण ३१२ दट्टे बसविले. त्याच्या आदल्या वर्षी टोकियोत ‘मिराइकान’ नावाचे विज्ञान-संग्रहालय उघडले. भूकंपाचे हेलकावे शोषून घेण्यासाठी त्या इमारतीत ३० टनी ताकदीचे असे दोन दट्टे बसविलेले होते.

ही यादी मी मुद्दाम घाईने उरकली. वर्तमानपत्रांतून ‘बुद्धिमान तेल’ वगैरे मथळ्यांखाली ती वाचायला मिळतेच. तेलाला बुद्धी कसली? बुद्धी असेल तर ती वेटोळ्यात वीज सोडणाऱ्याची. आपल्याला त्या यादीतून दोनच गोष्टी वेगळ्या काढायच्या आहेत: मोटार आणि इमारत. मोटारीतला दट्ट्या रोज हजारो वेळा वर-खाली होतो. त्यातले तेल घुसळले जाते. इमारतीतल्या दट्ट्याला मात्र वर्षानुवर्षे जवळजवळ काहीच काम नसते. मग एखाद्या दिवशी भूकंप होतो, आणि काही सेकंदांच्या आत त्याने कामाला उभे राहिलेच पाहिजे. त्या दिवशी नळकांडे उघडून पाहिले आणि वर नितळ तेल, खाली लोखंडाची ढेप असे दिसले, तर बसविणाऱ्यांनी लोकांना काय सांगावे?

पूड खाली का बसते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. लोखंड तेलापेक्षा जड आहे. पण किती वेगाने बसते, याचा हिशेब केंब्रिजचे गणिती जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ सालीच करून ठेवला आहे. पाण्याच्या शंभर पट दाट तेल घ्या, त्यात पाच मायक्रॉनचा लोखंडाचा एकटा कण सोडा. तो दिवसाकाठी सुमारे आठ सेंटिमीटर खाली जातो. कणांची दाटी असली म्हणजे एकमेकांना अडवीत ते पुष्कळ सावकाश उतरतात, हे खरे. पण जिथे प्रश्न वर्षांचा आहे तिथे सावकाशीने काय होणार!

येथे चाणाक्ष वाचक म्हणेल, कण आणखी बारीक करा की. युक्ती बरोबर आहे. स्टोक्सचा नियम असा की, कणाचा व्यास निम्मा केला तर बसण्याचा वेग चौथाई होतो. १९६३ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतल्या स्टीफन पॅपेल यांनी हा मार्ग टोकापर्यंत नेला. लोहचुंबकी दगडाचे इतके सूक्ष्म कण त्यांनी द्रवात मिसळले की, पुढे या जातीच्या द्रवांतले कण एका मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढे असतात. असे कण बसत नाहीत. द्रवाच्या रेणूंचे धक्केच त्यांना तरंगत ठेवतात. वजन नसलेल्या अवकाशात रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून घ्यावे, असा त्यांचा मूळ बेत होता. परंतु हे द्रव चुंबकाकडे धावत असले तरी थिजत मात्र नाहीत. ज्या धक्क्यांनी कण तरंगतात तेच धक्के कणांच्या माळाही तोडतात. तेव्हा माळा हव्यात तर कण मोठा हवा, आणि कण मोठा म्हटला की तो बसणार. हा पेच निसर्गानेच घातलेला आहे.

म्हणून शास्त्रज्ञांनी कणाच्या आकाराला हात न लावता त्याच्यावर अंगरखा चढवायचे ठरविले. आजच्या लेखाचा विषय हाच.

अंगरख्याची कल्पना मुळीच नवी नाही. जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या असतील त्यांना ती काळीभोर शाई आठवेल. काजळी नुसत्या पाण्यात कालवून पाहा. तिच्या गुठळ्या होतात आणि थोड्या वेळाने काळे एकीकडे, पाणी एकीकडे. तीच काजळी डिंकाच्या पाण्यात घोटली की शाई होते. डिंकाचे लांबच लांब रेणू काजळीच्या कणाभोवती लपेटतात आणि एका कणाला दुसऱ्याशी चिकटू देत नाहीत. आमच्या लेखकूंना रेणू ठाऊक नव्हते, पण घोटण्यात कसूर केली तर लेखणी अडते, हे चांगले ठाऊक होते. मराठीच्या वर्गात बखरी शिकविताना इतिहास, भाषा, सनावळ्या या सगळ्यांची चर्चा होते. ज्या डिंकामुळे ते अक्षर कागदावर उमटले त्याची कोणी करीत नाही.

दुसरे उदाहरण कल्हईचे. पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी कळकते, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. कल्हईवाला भाता फुंकून भांडे तापवी, नवसागर टाकून ते साफ करी आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी. लोखंडाच्या कणाचीही अशीच स्थिती आहे. तेलात थोडाही ओलावा किंवा आम्लपणा शिरला की तो गंजतो, आणि गंजाने शेजारी शेजारी बसलेले कण एकमेकांना सांधले जातात.

पण खऱ्या कामाशी जुळणारे उदाहरण संक्रांतीच्या हलव्याचे. ज्यांच्या घरी अजून हलवा होतो त्यांना त्यातली मेहनत सांगायला नको. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, आणि चमचा चमचा पाक. पाक जरा जास्त पडला की दाण्याला दाणा चिकटून गोळा झालाच. हात थांबला तरी तेच. प्रत्येक दाणा सुटा राहिला पाहिजे आणि प्रत्येकावर सारखा थर चढला पाहिजे. दक्षिण कोरियातल्या इन्हा विद्यापीठात हेच काम लोखंडाच्या कणांवर केले गेले. प्रा. च्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कार्बोनिल लोहाच्या कणांना ॲक्रिलिकचा अंगरखा घातल्याचे प्रसिद्ध केले. ॲक्रिलिक म्हणजे दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात ते काचेसारखे प्लास्टिक. ते वितळवून वर ओतले तर हलव्याचा चिक्कीचा डेप व्हायचा. म्हणून ज्यापासून प्लास्टिक बनते तो पातळ द्रव कणांबरोबर घुसळत ठेवायचा आणि प्लास्टिक कणाच्या अंगावरच तयार होऊ द्यायचे. लोखंड आणि प्लास्टिक यांचे आपसांत जमत नाही; तेव्हा कित्येक कृतींत आधी मध्यस्थ लागतो. एका टोकाने लोखंड धरणारा आणि दुसऱ्या टोकाने प्लास्टिकला हात देणारा असा एखादा रेणू कणावर आधी बसवितात. सोयरीक जमवायची म्हटली की मध्यस्थ आलाच.

याहून साधा अंगरखा ओलेइक आम्लाचा. नाव परके वाटले तरी वस्तू घरची आहे. शेंगदाण्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास भाग त्याचाच. त्याच्या रेणूचे डोके कणाला चिकटते आणि शेपूट तेलात पसरते. असे असंख्य रेणू चिकटले की कणाचे साळिंदर होते. दोन साळिंदरांना एकमेकांना कडकडून भेटता येत नाही. त्याउलट सिलिकेचा थर म्हणजे चक्क काचेचे चिलखत. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात आणखी एक प्रकार झाला. तेथे भिंगे घासण्यासाठी थिजत्या द्रवाचा उपयोग करतात. काच घासायची म्हणून त्यात तेलाऐवजी पाणी असते, आणि पाण्यात लोखंड म्हणजे गंजाला पानसुपारी देऊन बोलावणे. २००९ साली तेथल्या शास्त्रज्ञांनी कणांवर झिर्कोनियाचा थर चढविला. मौज अशी की, झिर्कोनिया स्वतःच घासणारे द्रव्य आहे. त्यामुळे जो अंगरखा कणाला गंजापासून राखतो तोच काचेला झिलईही देतो.

इथवर वाचून कोणाचाही असा समज होईल की, अंगरखा घातला, कण हलका झाला आणि बसायचा थांबला. पुष्कळ ठिकाणी असेच लिहिलेले असते. पण जरा कागद-पेन्सिल घेऊन बसावे. पाच मायक्रॉनच्या कणावर मायक्रॉनच्या पाचव्या भागाएवढा प्लास्टिकचा थर द्या. हा थर काही अगदी पातळ नव्हे. कणाची सरासरी घनता ७.८ वरून साधारण ६.४ वर येते. झाले काय, कण हलका झाला खरा, पण थरामुळे तो मोठाही झाला, आणि मोठा कण लवकर बसतो! स्टोक्सच्या सूत्रात दोन्ही आकडे घातले की बसण्याचा वेग कमी होतो तो शेकडा सहाच्या आसपास. एवढ्यासाठी का हा सगळा खटाटोप? शिवाय मोजमाप पाहावे तर पुष्कळ प्रबंधांत तेल काचेच्या नळीत भरून काही तास किंवा काही दिवस ठेवतात, आणि वरचे नितळ तेल किती बोटे उतरले ते सांगून अंगरख्याचा विजय जाहीर करतात. इमारतीतल्या दट्ट्याच्या दृष्टीने काही दिवसांच्या परीक्षेला काय किंमत द्यायची?

माझ्या मते अंगरख्याचे मोल दुसरीकडेच आहे. बसलेला कण पुन्हा उठतो की नाही, हा खरा प्रश्न. जुना रंगाचा डबा उघडून पाहिला असेल तर फरक लगेच कळेल. एका डब्यात खाली बसलेला रंग काडीने ढवळला की चटकन मिसळतो. दुसऱ्यात तळाशी असा दगड झालेला असतो की काडी मोडते. औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवा’ असे छापतात, ते औषध खाली बसते हे मान्य करूनच. कारखानदाराची जबाबदारी एवढीच की, हलविल्यावर ते मिसळले पाहिजे. उघड्या लोखंडाचे कण तळाशी एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसतात; जवळ आलेल्या पृष्ठभागांमधली ओढ, राहिलेसाहिले चुंबकत्व आणि गंज यांनी त्यांची ढेप होते. अंगरखा असला की लोखंडाला लोखंड भेटतच नाही. अंतर मायक्रॉनच्या दशांशाचे असेना का, ती ओढ इतक्या झपाट्याने उतरते की तेवढे अंतर पुरते. मग दट्ट्याच्या दोन-चार फेऱ्यांत तेल पूर्ववत व्हायला हरकत राहत नाही.

येथेही निसर्गाने एक खोच ठेवलेलीच आहे, आणि ती औषधे बनविणाऱ्यांना फार दिवसांपासून माहीत आहे. कण एकमेकांना अजिबात चिकटत नसले तर ते सावकाश उतरतात, हे चांगले. पण एकेकटे, गुळगुळीत, निसरडे असे ते उतरतात, आणि तळाशी प्रत्येक जण नेमका फटीत जाऊन बसतो. साबुदाण्याचा डबा ठोकून ठोकून भरावा तसा थर गच्च होतो. उलट किंचित चिकटणारे कण झुबक्याझुबक्याने भराभर खाली येतात, पण तळाशी शेवेच्या डब्यासारखी पोकळी ठेवून बसतात. एका हिसक्याने ते पुन्हा सुटे होतात. म्हणजे जो द्रव सावकाश बसतो तो नंतर उठायला नाठाळ असू शकतो, आणि जो लगेच बसतो तो उठायलाही तयार! नळीतले नितळ तेल मोजून विजय जाहीर करणे किती फसवे, हे आता ध्यानात येईल. म्हणून व्यवहारात नुसत्या अंगरख्यावर भिस्त ठेवीत नाहीत. जोडीला तेलात बारीक सिलिका किंवा विशिष्ट माती घालून एक नाजूक जाळे तयार करतात. तेल स्वस्थ असताना ते कणांना धरून ठेवते आणि दट्ट्या हलला की मोडते. रॅबिनाउच्या ग्रीसचाच हा सुधारलेला अवतार.

आणि अंगरखा फुकट मिळत नाही. वरचाच हिशेब पुढे नेला तर, तो थर दिलेल्या कणाच्या घनफळात लोखंड उरते शंभरात एकोणऐंशी भाग. म्हणजे तेवढ्याच मापाच्या पुडीत चुंबकाला ओढायला पाचवा हिस्सा कमी. दोन कणांचे लोखंड एकमेकांपासून दूर राहिल्याने माळेची पकडही सैल होते. जो दुरावा ढेप होऊ देत नाही, तोच माळही घट्ट होऊ देत नाही. हलवेवाली बाई काटा फुटावा म्हणून थरावर थर चढवीत जाते. येथे थर जितका पातळ राखता येईल तितका चांगला. सिलिकेचा थर मायक्रॉनच्या काही शतांशांइतका पातळ देता येतो, हा त्याचा मोठा गुण. ॲक्रिलिकची आणखी एक अडचण: १०५ अंशांच्या सुमारास ते मऊ पडू लागते, आणि जोराने काम करणारा दट्ट्या चांगलाच तापतो. सिलिकेला उष्णतेचे भय नाही, पण काचच ती. आपटून, घासून तडकणार. दोहोंपैकी एक निवडायचे तर भूकंपासाठी वर्षानुवर्षे स्वस्थ बसणाऱ्या दट्ट्यात मी ॲक्रिलिक घालीन. तेथे तापण्याची वेळ क्वचित येते, आणि स्वस्थ बसण्याची रोज.

मोटारीची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या लॉर्ड कंपनीचे डेव्हिड कार्लसन यांनी या तेलांवर पुष्कळ वर्षे काम केले. चांगले तेल कशाला म्हणावे, अशा मथळ्याचा त्यांचा एक लेख २००२ साली आला. सतत हलणाऱ्या यंत्रात कण खाली बसण्याची फारशी धास्ती नाही, ढेप होऊ नये एवढे पाहिले की पुरे. खरी पीडा उलटीच आहे, असे त्यांचे म्हणणे. लक्षावधी फेऱ्यांनंतर तेल आपोआप दाट होत जाते आणि शेवटी त्याची खळ बनते. कणांच्या पृष्ठभागावरची ठिसूळ कवचे घासून निघतात, त्यांचा अतिसूक्ष्म भुगा तेलात मिसळतो, आणि भुगा जितका बारीक तितके तेल दाट. विसाव्यात तेल पातळ होऊन लोखंड खाली जाते, आणि श्रमात ते खळीसारखे होते! अशा ठिकाणी चिवट अंगरखा कणाची साल वाचवू शकतो. फक्त तो अंगरखा स्वतःच सोलला जाता कामा नये, नाहीतर भुग्यात त्याचीच भर.

तेव्हा सगळी चौकशी पुन्हा त्या बंद नळकांड्याशी येऊन थांबते. आत काय चालले आहे, हे बाहेरून कळायचे कसे? तेल काळेकुट्ट, नळकांडे पोलादी; डोळ्यांना काहीच दिसत नाही. प्रयोगशाळेत यावर दोन उपाय काढले आहेत. एक अगदी घरगुती वाटावा असा. ढोकळा शिजला की नाही हे सुरी खुपसून पाहतात, तसे तळाच्या गाळात एक पाते हळूहळू उतरवायचे आणि ते शिरताना किती जोर लागतो हे मोजायचे. जोर एकदम वाढला की ढेप लागली. दुसरा उपाय अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठातला. तेल एका उंच नळीत भरून उभे ठेवायचे आणि नळीभोवती तारेचे एक वेटोळे लिफ्टसारखे वर-खाली फिरवायचे. वेटोळ्याच्या समोर लोखंड जास्त आले की त्याचा विद्युतगुण बदलतो. त्यावरून नळीच्या कोणत्या उंचीवर किती लोखंड आहे, याचा नकाशाच मिळतो. तेलाला धक्का लागत नाही, नळी उघडावी लागत नाही. काही दिवसांनी पुन्हा वेटोळे फिरवायचे, पुन्हा नकाशा काढायचा, आणि पहिल्या नकाशाशेजारी ठेवून पाहायचा.